बिऱ्हाड विकणे आहे

‘दुरुस्ती लागेल’ हे दोन शब्द जाहिरातीत मीच घातले. यांचं म्हणणं, गाडी विकायचीच नाही तर जाहिरात कशाला, आणि जाहिरात द्यायचीच तर त्यात गाडीची बदनामी कशाला. एकाच दमात दोन्ही बाजूंनी भांडायची कला माझ्या नवऱ्याला जन्मजात आहे. मी त्याला भीक घातली नाही. जावयाकडून चार फोटो काढून घेतले, मजकूर लिहिला आणि यांच्या समोर बसून जाहिरात टाकली. मुद्दाम अगदी समोर, कारण बाजूला बसले असते तर यांना दिसलेच नसते.

सगळं दुखणं तेच आहे. काचबिंदूने यांची बाजूची नजर खाल्ली. समोर धरलेला पेपर हे बारीक अक्षरासकट वाचतात, मला सुईत दोरा ओवून देतात, आणि तेवढ्या बळावर ‘माझे डोळे ठणठणीत आहेत’ म्हणून सांगत फिरतात. पण बाजूचं, त्यातही डावीकडचं, जवळजवळ काही उरलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की गाडी चालवणं आजपासून बंद. यांनी तिथे शहाण्या मुलासारखी मान डोलावली. जिना उतरताना मला म्हणाले, बाईंचं म्हणणं गर्दीच्या रस्त्याबद्दल होतं.

आणि गाडी म्हणजे साधी गाडी नाही. लांब व्हॅनच्या पाठीवर बांधलेलं घर. दोन पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रिज, कपाटाएवढं न्हाणीघर. फॉर्मवर तिला मोटरहोम म्हणतात, आम्ही बिऱ्हाड म्हणतो. मुलगी शाळेत असताना आम्ही ती कोणाची तरी वापरलेली घेतली आणि मग सुट्टी म्हटली की बिऱ्हाड हलायचं. पडदे मी शिवले. मी आयुष्यभर पडदेच शिवले, लोकांच्या घरांचे, हॉटेलांचे, एकदा तर एका नाटक कंपनीचे. बाकी सगळं यांनी केलं. हे लिफ्टचे मेकॅनिक. लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत, तिच्या टपावर उभं राहून, हाताने चाचपत आणि कानाने ऐकत काम करणारा माणूस. यांच्या मते जगातली कुठलीही वस्तू नीट ऐकली तर दुरुस्त होते. बायको सोडून.

विकायचा निर्णय खुर्चीमुळे झाला. आमच्या बोळाच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून, पेपरकाका राहतात. रोज सकाळी फाटकाबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून पेपर वाचतात म्हणून पेपरकाका. त्या दिवशी मी अंघोळीला गेले आणि यांनी गुपचूप बिऱ्हाड बाहेर काढलं. पेपरकाका नेमके चष्मा आणायला आत गेले होते. परत येऊन बघतात तर खुर्चीचा चुरा. हे थांबलेसुद्धा नाहीत. फेरफटका मारून घरी आले आणि म्हणाले, बोळात कोणीतरी खड्डा करून ठेवलाय. मी खुर्चीचा पाय आणून यांच्या नाकासमोर धरला. यांनी तो हातात घेऊन उलटसुलट फिरवला आणि म्हणाले, खुर्ची रस्त्यात ठेवायची असते का.

त्या क्षणी मी ठरवलं. पुढच्या वेळी खुर्चीत माणूस असेल. किल्ली लपवून उपयोग नव्हता. वायरी जोडण्यात जन्म गेलेल्या माणसाला किल्ली लागतेच कशाला. बिऱ्हाड दारात असेपर्यंत हे चालवणार, एवढं मला उन्हासारखं लख्ख दिसत होतं. मुलगी म्हणाली, आई, भंगारात देऊन टाक. ते मात्र माझ्याच्याने झालं नसतं. गाडी चालती, कोणाच्या तरी कामाला येणारी, अशीच दारातून गेली पाहिजे. आणि गेलीच पाहिजे.

जाहिरातीत मी तीन दुरुस्त्या लिहिल्या होत्या. छत एका कोपऱ्यात गळतं, पाण्याचा पंप बदलायला हवा, मागच्या दाराचा पत्रा गंजलाय. माझ्या मते मी प्रामाणिकपणाची कमाल केली होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक जोडपं आलं, दोघंही गणिताचे शिक्षक. मी त्यांना आत घेऊन गेले आणि एकेक गोष्ट दाखवली. नळ सोडला, शेगडी पेटवली, फ्रिज उघडून मिटला, पलंग ओढून पसरला, न्हाणीघराचं दार लावलं. सगळं झकास चाललं. मग शिक्षकबाई म्हणाल्या, आता मी बघते. त्यांनी नळ सोडला तर पाणी आलंच नाही. त्यांनी फ्रिज मिटला तर दार परत उघडून त्यांच्या गुडघ्यावर आलं. सरांनी पलंग ओढला तो अर्ध्यावर अडला. न्हाणीघरात गेलेल्या बाई आतच अडकल्या आणि मी बाहेरून सांगत सुटले, कडी आधी वर उचला, मग खांद्याने रेटा, मग सोडा. मी परत नळ सोडला तेव्हा तो कसा सोडते ते सर बघत होते. आधी उलटा, मग सुलटा, आणि खालच्या पाइपला पायाने हलकी लाथ. फ्रिज कसा मिटते, तर कमरेने. माझ्या अंगात ते इतकं मुरलं होतं की मी काही वेगळं करते आहे हे मला माहीतच नव्हतं. आमच्या गाडीत तीन नाही, सतरा ठिकाणी बिघाड होता आणि इतकी वर्षं आम्ही त्याला बिघाड म्हणतच नव्हतो. आम्ही त्याला गाडी म्हणत होतो.

शिक्षक जोडपं फार सभ्य. विचार करून कळवतो म्हणाले आणि पुन्हा कधी फोन केला नाही. हे अंगणात खुर्ची टाकून सगळं ऐकत बसले होते. तोंडावर हसू नव्हतं, पण मिशा हलत होत्या.

दुसरा आला तो बेकरीवाला. त्याला गावोगावच्या बाजारात पाव-बिस्किटं विकायला गाडी हवी होती. मी चहा करायला घरात गेले तेवढ्यात यांनी त्याला गाठलं. चहा घेऊन आले तर बेकरीवाला फाटकाबाहेर. मागाहून त्याच्याकडूनच कळलं, यांनी त्याला सांगितलं होतं की इंजिन चढावर तापतं, ब्रेक कधी लागतात कधी नाही, आणि आत उंदीर झालेत. तिन्ही गोष्टी धादांत खोट्या. स्वतःच्या लाडक्या गाडीला उंदीर लावणारा माणूस मी प्रथमच पाहिला. मी जाब विचारला तर म्हणाले, गिऱ्हाइकाला खरं सांगायला नको का. मला इतका संताप आला की हातातला चहा मी स्वतःच पिऊन टाकला, दोन्ही कप.

मग मी कंबर कसली. हे विकू देत नाहीत काय, बघतेच. सतरा बिघाड आहेत ना, मी सतराही दुरुस्त करीन, मग कोणाला काय सांगायचं ते सांगू देत. यांची अवजारांची पेटी मी उचलून अंगणात आणली. यांनी काही बोलायच्या आत शिडी लावली आणि छतावर चढले. गळका कोपरा खरवडून काढला, हार्डवेअरवाल्याने दिलेलं चिकट रबर भरलं, वरून पट्टी बसवली. शिवणकामात आयुष्य गेलेल्या बाईला सांध्यातून पाणी का येतं ते कोणी शिकवावं लागत नाही. पंप मोबाइलवर बघून बघून बदलला. पहिल्यांदा उलटा बसवला आणि अंगभर भिजले, दुसऱ्यांदा बरोबर बसला.

हे खिडकीत बसून बघायचे. दोन दिवस मूग गिळून गप्प होते. तिसऱ्या दिवशी मी पान्हा उलट्या बाजूने लावला तेव्हा यांच्याने राहवेना. खिडकीतूनच ओरडले की नट गोल होईल, असा नाही, तसा धर. मी पान्हा तसा धरला आणि नट सुटला. त्यानंतर खिडकीतून सूचना सुरू झाल्या. आधी वॉशर, घट्ट आवळू नकोस, आवाज ऐक. मी हूं की चूं करत नव्हते, फक्त सांगितलं तसं करत होते. एकमेकांशी अबोला धरून आम्ही दोघांनी मिळून न्हाणीघराची कडी बसवली. ती बसल्यावर मला हसू आलं आणि मी ते बिजागरीकडे तोंड करून हसले.

मागच्या दाराचा गंज सोडला तर सगळं झालं. नळ सोडला की पाणी येऊ लागलं. फ्रिज बोटाने मिटू लागला. मी पडदे धुऊन इस्त्री करून लावले आणि यांना म्हटलं, बघून या. हे आत गेले. मी बाहेर उभी होते. आधी धपकन आवाज आला, मग काहीतरी फुटल्याचा, मग एक शिवी. आत बघते तर हे कंबर धरून उभे, पायाखाली काचेचा पेला. फ्रिजला सवयीने कमरेचा धक्का दिला होता. आता त्याची गरज नव्हती, म्हणून तोल गेला. नळाखालच्या पाइपला लाथ घातली ती नव्या पाइपला लागली आणि तो निखळला. पलंगाला हिसका दिला तर तो लोण्यासारखा सरकून यांच्या नडगीवर आला.

“तू माझी गाडी दुरुस्त करून बिघडवलीस,” हे म्हणाले.

मी रागाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष यांच्या हाताकडे गेलं. तो भिंतीवरून चाचपत दाराकडे चालला होता. जिथे जुना ढिला खिळा असायचा तिथे बोटं थांबली. तो खिळा मी काढून टाकला होता. बोटं तिथेच फिरत राहिली, पुढे कुठे जायचं ते त्यांना कळेना. मला तेव्हा लक्षात आलं की हे या गाडीत डोळ्यांनी वावरतच नव्हते. कधीपासून, कोण जाणे. प्रत्येक खटका, प्रत्येक कुरकुर यांनी राखून ठेवली होती, म्हणून दुरुस्त करायची राहिली होती. मी सतरा बिघाड नाही, सतरा खुणा पुसल्या होत्या. मी यांचा हात धरून यांना खाली उतरवलं, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले. पण जाहिरात काढली नाही. उलट मला आता आधीपेक्षा जास्त घाई झाली. गाडीच्या आत चाचपता येतं. रस्ता चाचपता येत नाही.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे वजनकाटेवाली. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासून दुरुस्त करणं हा तिचा धंदा. दंडाने मजबूत, बोलायला थेट. महिन्यातले अर्धे दिवस ती टेम्पोने गावोगाव हिंडायची आणि म्हाताऱ्या आईला घरी एकटं ठेवायला जीव धजत नाही म्हणून तिलाही बरोबर न्यायची. आईला झोपायला पलंग मिळावा एवढ्यासाठी तिला बिऱ्हाड हवं होतं. आई आत शिरली, पलंगावर बसली, उशी थोपटली, जरा आडवी होऊन बघते म्हणाली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. त्या घोरण्याने माझ्या मनात सौदा तिथेच पक्का झाला.

वजनकाटेवालीने मात्र बारकाईने सगळं बघितलं. गाडीखाली सरपटत गेली, इंजिन सुरू करून ऐकलं, मागच्या दाराचा गंज नखाने खरवडला. मी तिला सगळं सांगून टाकलं, काय दुरुस्त केलं, काय अजून राहिलंय. मागचं दार तेवढं राहिलंय. ती म्हणाली दार मी बघून घेईन, पण एकदा चालवून बघू द्या.

किल्ली यांच्या खिशात होती. ती यांनी काढली, पण तिच्या हातात दिली नाही.

“आधी मी दाखवतो. या गाडीचा क्लच वेगळा आहे.” एवढं बोलून हे चालकाच्या जागेवर चढून बसलेसुद्धा. वजनकाटेवाली काय बोलणार बिचारी, ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली. तिची आई मागे घोरतच होती.

इथे आमच्या गाडीचा एक नियम सांगायला हवा. बिऱ्हाड अंगणातून काढायचं म्हणजे एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. म्हणून पहिल्या दिवसापासून मी खाली उभी राहायची आणि पत्र्यावर तळहाताने ठोके द्यायची. दोन ठोके म्हणजे नीघ. एक ठोका म्हणजे जागच्या जागी थांब. हा नियम यांनी लिफ्टच्या कामावरून आणला होता. टपावर उभ्या असलेल्या माणसाने ठोका दिल्याशिवाय खालच्याने बटण दाबायचं नाही, मग मालक शेजारी उभा राहून शिव्या देत असला तरी. यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने तो नियम एकदाच मोडला होता आणि त्या दिवसाबद्दल हे कधी बोलत नाहीत. म्हणून पुढे जायचं असो की मागे, माझे दोन ठोके पडल्याशिवाय यांनी ब्रेकवरचा पाय कधी काढला नाही. खुर्चीची ती एक सकाळ सोडली तर.

इंजिन सुरू झालं. हे आरशात बघत होते आणि माझ्या ठोक्यांची वाट बघत होते. मी पत्र्याला हात लावला नाही. मी चालत गाडीच्या पुढे गेले आणि डाव्या दिव्यासमोर, हाताच्या अंतरावर उभी राहिले. अंगात माझा भडक लाल स्वेटर होता. फाटकातून आत येणाऱ्या पोस्टमनलासुद्धा तो लांबून दिसतो. मी सरळ यांच्या तोंडाकडे बघत होते.

हे सरळ समोर बघत होते. भुवया जरा उंचावल्या, म्हणजे वाट बघून कंटाळले. काच खाली करून यांनी मागे हाक मारली, “अगं, ठोके दे की.”

मला स्वतःची लाज वाटत होती. परक्या बाईसमोर मी माझ्या नवऱ्याची परीक्षा घेत होते, आणि उत्तर मला आधीच माहीत होतं. वाटलं, बाजूला व्हावं, दोन ठोके द्यावेत, जाऊ दे आजचा दिवस. मग मला ती खुर्ची आठवली, पेपरकाका आठवले, आणि मी पाय जमिनीत रोवून उभी राहिले. ठोका दिल्याशिवाय हा माणूस हलणार नाही, एवढा माझा यांच्यावर विश्वास होता. यांच्या डोळ्यांवर नव्हता.

“कुठे गेली ही,” हे स्वतःशीच म्हणाले. मान उजवीकडे वळवली, आरशात बघितलं, परत समोर बघितलं. यांची नजर माझ्या बाजूने जाऊन परत फिरली. मी त्या नजरेत नव्हते.

वजनकाटेवालीने माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. तिला सगळं कळलं. ती अगदी हळू बोलली, पण काच उघडी होती, मला ऐकू आलं.

“काका, काकू समोर उभ्या आहेत.”

“कुठे?”

या एका शब्दाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे थट्टा करत नव्हते, कांगावा करत नव्हते. यांना खरंच माहीत नव्हतं.

“तुमच्या समोर. डावीकडे. इंजिन सुरू झालं तेव्हापासून.”

यांनी पूर्ण मान वळवली. आधी यांना लाल रंग सापडला असावा, मग मी. आमची नजरानजर झाली. मी डोळे पुसले नाहीत, कारण हात हलवला तर मी पळून जाईन अशी भीती मला वाटत होती.

यांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढून हातात घेतली आणि थोडा वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मग पायाने पायरी चाचपत खाली उतरले, गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता हे मला बोलणार. आयुष्यात इतकी बोलणी खाल्ली आणि दिली, त्यात आणखी एक. यांनी माझ्या स्वेटरची बाही चिमटीत धरली, ती खरंच आहे का बघावं तशी.

“तुला चिरडलं असतं मी,” हे म्हणाले.

“ठोका दिला नव्हता,” मी म्हटलं.

“त्या सकाळीसुद्धा दिला नव्हतास.”

हे वळले आणि किल्ली वजनकाटेवालीच्या हातात दिली. म्हणाले, चालवून बघ बाई, मी मागे तुझ्या आईजवळ बसतो, क्लच खरंच जरा वेगळा आहे. ती चालवून आली. क्लच वेगळा वगैरे काही नाही असं तिने मला मागाहून सांगितलं, पण यांच्यासमोर ती बोलली नाही. म्हणूनही ती मला आवडली.

न्यायला ती आठवड्याने आली. मधल्या दिवसांत यांनी मागच्या दाराचा गंज स्वतः घासून काढला. हाताने चाचपत, गालाजवळ पत्रा धरून ऐकत, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. मी एकदाच जाऊन विचारलं की आता कशाला, तिने दार स्वतः करीन म्हणून सांगितलंय. हे म्हणाले, चालती गाडी द्यायची तर दारासकट द्यायची. वाद घालायला मी थांबले नाही. चहा ठेवून आले.

त्या सकाळी वजनकाटेवालीचं सामान चढलं. तिची आई पलंगावर जागा धरायला निघाली होती. यांनी तिला थांबवलं आणि गाडीच्या मागे आणून उभं केलं. दोन ठोके नीघ, एक ठोका थांब, हे तिला समजावलं. तळहात कसा ठेवायचा तेही दाखवलं, नाहीतर आवाज पुढपर्यंत जात नाही. म्हातारी म्हणाली, लेक माझी पट्टीची ड्रायव्हर आहे, तिला कशाला ठोके.

“पट्टीचा मीही होतो, आजी,” हे म्हणाले. “एकदा ठोक्याविना निघालो. देव म्हणा, नशीब म्हणा, खुर्चीत माणूस नव्हता. मला ती खुर्ची दिसलीच नव्हती. खड्डा आहे असं मी घरी सांगितलं.”

हे माझ्यापाशीही यांनी कधी कबूल केलं नव्हतं. एका अनोळखी म्हातारीजवळ बोलले, मी शेजारी उभी असताना. मी कुठे उभी होते हे त्या वेळी यांना पक्कं माहीत होतं, कारण माझी बाही यांच्या हातात होती.

म्हातारीने पत्र्यावर दोन ठोके दिले. चांगले खणखणीत होते. बिऱ्हाड भिंत आणि टाकीच्या मधून सुरळीत बाहेर पडलं, म्हातारी फाटकाबाहेर जाऊन चढली, आणि माझे पडदे खिडकीत हलत हलत बोळाच्या टोकाला वळून दिसेनासे झाले. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मोकळं अंगण फार मोठं दिसत होतं आणि तिथे गाडीखालचा तेलाचा डाग तेवढा राहिला होता.

हे आत गेले आणि घडीची खुर्ची घेऊन बाहेर आले. बिऱ्हाडातली होती, सुट्टीत संध्याकाळी बाहेर टाकून बसायची. विकताना मीच ती काढून ठेवली होती. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, पेपरकाकांकडे. इतके दिवस ते घराच्या पायरीवर बसून पेपर वाचताहेत.

आम्ही बोळातून चालत निघालो. खुर्ची यांच्या काखेत, मी डाव्या बाजूला. पेपरकाका आज पायरीवर नव्हते. पेपर घेऊन मोठ्या रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले होते, म्हणजे रस्ता ओलांडणं आलं. हे कडेला पोचले, सरळ समोर बघितलं, रस्ता मोकळा दिसला आणि पाय पुढे टाकला. डावीकडून स्कूटर येत होती.

ओरडायला वेळ नव्हता. मी यांच्या पाठीवर तळहाताने एक ठोका दिला.

हे जागच्या जागी थांबले. मान वळवली नाही, का म्हणून विचारलं नाही. स्कूटर नाकासमोरून गेली, तिच्या मागून एक टेम्पो गेला. पलीकडून पेपरकाकांनी आम्हाला बघून पेपर हलवला. हे काखेत खुर्ची धरून, समोर बघत, उभेच होते.

मी दोन्ही बाजूंना नीट बघितलं आणि दोन ठोके दिले. हे निघाले.